पत्रा, प्लाय आणि मधले तीन मिलिमीटर

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन आत पलंग, ओटा, कपाटे बसवायची हौस त्याआधीपासून होतीच. अशी गाडी आतून सजवायला घेतली की सुतार, फॅब्रिकेटर आणि मालक या तिघांत एक प्रश्न हमखास निघतो: सगळ्यात पक्का गोंद कोणता? दुकानदाराकडे उत्तर तयार असते. तो सर्वांत महाग ट्यूब पुढे करतो आणि डब्यावरचा ताकदीचा आकडा दाखवतो. माझ्या मते गाडीतली चिकटकामे फसण्याची सुरुवात या प्रश्नापासूनच होते. गाडीच्या आत ताकद कमी पडल्यामुळे सुटलेला सांधा क्वचितच सापडतो. सांधे सुटतात ते हालचालीमुळे, उष्णतेमुळे, पृष्ठभागामुळे आणि जोर चुकीच्या दिशेने लागल्यामुळे. म्हणून गोंद निवडताना तो किती वजन पेलतो यापेक्षा त्याला काय काय सोसावे लागणार आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

ताकदीचा हिशेब एकदा करून मोकळे होऊ. सामानासकट २५ किलोचे एक भिंतीवरचे कपाट धरा. ते ज्या दोन पट्ट्यांवर बसते, त्या पत्र्याला पॉलियुरेथेनच्या दोन रेघांनी चिकटवल्या आहेत. प्रत्येक रेघ एक मीटर लांब आणि दाबल्यावर १२ मिलिमीटर रुंद आहे. चिकटलेले क्षेत्र होते २४,००० चौरस मिलिमीटर. साध्या, सीलंट जातीच्या पॉलियुरेथेनची ताकद चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन धरली, तरी हा सांधा कागदावर साडेतीन टनांहून जास्त पेलतो. कायमच्या भाराखाली असे लवचिक गोंद हळूहळू सरकतात, म्हणून अभियंते त्यांच्या ताकदीचा अगदी थोडा भागच हिशेबात घेतात. तीन टक्के धरले तरी ११० किलोच्या आसपास आकडा येतो, म्हणजे कपाटाच्या चौपट. दोन भागांच्या इपॉक्सीची ताकद याच्या दहापट असते. साडेतीन टनांच्या जागी पस्तीस टन झाले म्हणून कपाटाला काय फरक पडणार? ही वरची सगळी ताकद नुसती पडून राहते, आणि तिच्या मोबदल्यात आपण लवचिकपणा गमावून बसतो.

लवचिकपणा का लागतो, ते छताकडे पाहिले की कळते. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा ७० अंशांच्या घरात सहज जातो. पहाटे तोच पत्रा १५-२० अंशांवर असतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे २.४ मीटर लांबीचा छताचा पत्रा ५५ अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. त्याखालची प्लाय उष्णतेने फार वाढत नाही. ती ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. २.४ मीटरच्या तक्त्यात ओल्या आणि कोरड्या ऋतूंमधला हा फरक एक-दोन मिलिमीटर भरतो. आता मे महिन्यातली दुपार घ्या. त्या वेळी पत्रा सर्वांत जास्त लांबलेला असतो आणि प्लाय सर्वांत जास्त आकसलेली. दोन्ही हालचाली एकमेकींत मिळतात आणि एकूण फरक तीन मिलिमीटरच्या आसपास जातो. मध्य जागेवर राहिला असे धरले, तर प्रत्येक टोकाला दीड मिलिमीटर येतो. प्रत्यक्षात पत्रा थोडा वाकतो, प्लाय थोडी दबते, त्यामुळे आकडा काहीसा उतरतो. पण जोर कुठेतरी निघावाच लागतो, आणि तो टोकांनाच निघतो.

ही दीड मिलिमीटरची सरक गोंदाच्या थराने सोसायची असते. इपॉक्सी पातळ थरातच चांगली बसते, समजा ०.२ मिलिमीटर. म्हणजे त्या थराला आपल्या जाडीच्या साडेसातपट बाजूला सरकावे लागेल. कडक इपॉक्सी ताणली जाते ती जेमतेम काही टक्के. ती तडकेल, किंवा पत्र्यावरचा रंग उपटून आणेल, किंवा पातळ पत्रा इतका ओढेल की बाहेरून छतावर पट्ट्यांच्या जागी लाटा दिसतील. हीच सरक तीन मिलिमीटर जाडीच्या पॉलियुरेथेनच्या थराला दिली, तर ती त्याच्या जाडीच्या निम्मी होते. तुटण्याआधी तिपटीचौपटीने ताणल्या जाणाऱ्या पदार्थाला ती जाचत नाही. थोडक्यात, या कामात गोंदाच्या नावाइतकीच त्याची जाडी महत्त्वाची असते. नेमके इथेच हाताला वळण आडवे येते. सुतारकामात सांधा जितका घट्ट आवळावा तितका चांगला, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण आहे आणि लाकडाला लाकूड जोडताना ते बरोबरही आहे. पॉलियुरेथेनची रेघ मात्र क्लॅम्प लावून पार पिळून काढली की मागे अर्धा मिलिमीटरही उरत नाही, आणि महागडी ट्यूब वाया जाते. तीन मिलिमीटर जाडीचे रबराचे चार तुकडे मध्ये ठेवले की थर आपोआप राखला जातो. दुकानात याची जाहिरात नसते, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

लवचिक गोंदांत दोन घराणी समोर येतात: पॉलियुरेथेन आणि एमएस पॉलिमर. मोटारींच्या पुढच्या काचा कित्येक दशके पॉलियुरेथेनवर बसतात. उन्हात, खड्ड्यांत, पावसात त्या जागेवर राहतात, यापेक्षा मोठी चाचणी शोधायची गरज नाही. एमएस पॉलिमर त्यानंतरचे. जपानच्या कानेका कंपनीने ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. दोन्ही हवेतल्या बाष्पाने घट्ट होतात, पण रीत वेगळी. पॉलियुरेथेनमधले आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावताना कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून फार दमट हवेत रेघेत बुडबुडे धरू शकतात. एमएसमध्ये हा त्रास नाही. शिवाय ते रंगलेल्या पत्र्यावर, अॅल्युमिनियमवर, फायबरवर बहुतेक वेळा प्रायमरशिवाय धरते. आयसोसायनेटची वाफ किंवा सततचा स्पर्श काहींना दम्याची कायमची अॅलर्जी लावून जातो. युरोपीय संघाने २०२३ च्या ऑगस्टपासून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले, ते याचसाठी. बंद गाडीत बसून दिवसभर काम करणाऱ्या कारागिराला ही बाब क्षुल्लक नाही. घरच्या किंवा लहान गॅरेजच्या कामासाठी माझा कौल एमएसला आहे. जिथे प्रायमर, सफाई आणि वेळ या तिन्हींची शिस्त पाळणारे हात असतील, तिथे जड कामांना पॉलियुरेथेन घ्यावे.

बाष्पाने घट्ट होणे म्हणजे काय, याचा मात्र फार कमी लोक विचार करतात. हे गोंद बाहेरून आत वाळत जातात. साधारण हवामानात पहिल्या दिवशी सुमारे तीन मिलिमीटर, आणि पुढे वेग मंदावत जातो. दुप्पट खोलीला साधारण चौपट वेळ लागतो. बारा मिलिमीटर रुंदीच्या, दोन्ही बाजूंनी हवा लागणाऱ्या रेघेला चार दिवस लागतात, म्हणून आठवडा धरलेला बरा. आता तोच गोंद पूर्ण तक्त्याला फासून तो पत्र्यावर दाबला, तर मध्यावर हवा पोहोचायला साठ सेंटिमीटर आत जावे लागेल. पोलाद बाष्प सोडत नाही. नुसती प्लाय थोडी ओल देते, पण सनमायका लावलेली तीही देत नाही. महिन्यांनंतर तक्ता उचकटला तर मधला गोंद लोण्यासारखा मऊ सापडतो. म्हणून गोंद उभ्या रेघांत, मध्ये हवेला वाट ठेवून लावायचा. उभ्याच का? आडव्या रेघेवर पत्र्याला सुटलेला घाम साचतो आणि तिथूनच गंज धरतो. जुलैत रत्नागिरीत हाच गोंद झपाट्याने धरेल. मे महिन्यात अकोल्यात हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली गेली की तो रेंगाळेल. अशा वेळी शेजारच्या जागी पाण्याचा हलका फवारा मारण्याची पद्धत आहे. डब्यावरचे 'चोवीस तास' हे ना रत्नागिरीचे असतात ना अकोल्याचे. ते प्रयोगशाळेतल्या २३ अंश तापमानाचे आणि ५० टक्के आर्द्रतेचे असतात.

हवामान आणि गोंद यांच्या वादाचा सर्वांत बोलका दाखला भारताशीच जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातले डी हॅविलँड मॉस्किटो हे विमान प्लाय आणि बाल्सा लाकूड चिकटवून बांधलेले होते. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर या विमानांचे पंख निकामी होण्याचे प्रकार घडले आणि नोव्हेंबरमध्ये ती जमिनीवर ठेवावी लागली. पहिला संशय अर्थातच इथल्या दमट उष्णतेवर आणि गोंदावर गेला. सुरुवातीची विमाने दुधापासून केलेल्या केसीन गोंदाने जोडली जात, आणि ती जागा पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडने घेतली. पण तपासात फक्त हवामानाकडे बोट दाखवून भागले नाही. जोडकामातच खोट निघाली, भाग नीट टेकलेले नव्हते. सदोष सांध्यावर लाकडाचे फुगणे-आकसणे आले आणि वरची प्लाय उचलली गेली. गोंद बदलल्याने सांधा सुधारतोच असे नाही, याला याहून महाग पुरावा कुठला द्यावा? 'आपल्याकडच्या हवेत काहीच टिकत नाही' हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू आले की मला हा तपास आठवतो. हवा दोषी असतेच, पण सहसा एकटी नसते.

आता जोराच्या दिशेकडे येऊ. गोंदाला दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवणारा जोर सहज पेलतो, कारण तो सगळ्या क्षेत्रावर वाटला जातो. सोलणारा जोर त्याला सोसत नाही. तो एका वेळी एका कडेवरच पडतो, ती कड सुटली की पुढच्यावर. भिंतीवर टांगलेले कपाट खाली सरकू पाहते तेव्हा गोंद निवांत असतो. तेच कपाट प्रत्येक गतिरोधकावर पुढे झुकते तेव्हा वरच्या पट्टीची वरची कड सोलली जात असते. यावर मोटार उद्योगाचे उत्तर पाहण्याजोगे आहे. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलीस गाडीची चौकट अॅल्युमिनियमचे भाग इपॉक्सीने चिकटवून केली होती, आणि तरीही त्या सांध्यांत स्क्रू मारलेले होते. भार गोंद पेलत होता. सांधा कडेने सोलायला सुरुवात होऊ नये, एवढेच काम स्क्रूचे होते. कपाटाच्या वरच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना गाडीच्या मूळ कमानीत एकेक रिव्हनट आणि बोल्ट दिला की तेच तत्त्व शंभर रुपयांत साधते.

इथे जुन्या कारागिरांचा आक्षेप येणारच: मग सरळ सगळे स्क्रूनेच का नको? स्क्रू डोळ्यांना दिसतो, सैल झाला तर आवळता येतो, आणि वाळायची वाट पाहावी लागत नाही. आक्षेप खोटा नाही. पण गाडीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, कित्येकदा त्याहून पातळ. नेहमीच्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतरच त्याहून जास्त असते, म्हणजे पत्र्यात पुरता एक आटाही धरत नाही. हादऱ्यांनी भोक मोठे होते, तिथला रंग गेलेला असतो, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तिथे गंजाचा डाग उमटतो. शिवाय प्रत्येक स्क्रू बाहेरची उष्णता आत आणतो आणि थंडीत त्याच्या टोकावर पाणी धरते. स्क्रू लाकडात उत्तम, पत्र्यात लाचार. म्हणून मला पटणारी रचना अशी: पत्र्याला फक्त लाकडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवाव्यात, आणि बाकी सगळे त्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवावे. यातून दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर मिळते. चिकटवलेले पुन्हा काढता येत नाही, उद्या मागची वायर जळली तर काय करणार, असे विचारतात. भिंतीचा तक्ता स्क्रूवर असेल तर तो दहा मिनिटांत उतरतो. पट्टीच काढायची वेळ आली, तर काचवाले पुढची काच काढताना वापरतात तसली पोलादी तार गोंदातून ओढली की तीन मिलिमीटरचा मऊ थर कापला जातो. इपॉक्सीने बसवलेली पट्टी काढताना पत्राही सोबत येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो अनुभवाचा आहे. सोफे, बसच्या सीटा, गाड्यांचे छत वर्षानुवर्षे सिंथेटिक रबराच्या काँटॅक्ट गोंदाने चिकटत आले आहेत. डबा उघडा, दोन्ही बाजूंना फासा, वाळू द्या, दाबा. मग एवढे नवे चोचले कशाला? माझे म्हणणे आहे की त्या कामांना तोच गोंद हवा. कापड, रेक्झिन, गालिचा, नायट्रिल रबराची काळी शीट यांसारखी पातळ, वाकणारी वस्तू मोठ्या क्षेत्रावर बसवायची असते तेव्हा जाड थर लागत नाही आणि वस्तू स्वतःच हालचाल गिळते. मात्र त्याच्या मर्यादा त्याच्या रसायनातच आहेत. साधा काँटॅक्ट गोंद साठ-सत्तर अंशांना मऊ पडतो, आणि छताचा पत्रा नेमका तिथवर जातो. म्हणून छतासाठी उष्णता सोसणारी वेगळी जात घ्यावी लागते. त्यातला द्रावक थर्माकोल आणि त्याची घट्ट भावंडे विरघळवून टाकतो. इन्सुलेशन तसले असेल तर हा डबा लांब ठेवावा. रेक्झिनमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू गोंदात उतरतो आणि त्याला चिकट, ढिला करतो. आणि जुन्या गाडीचे छताचे कापड लोंबायला लागते तेव्हा दोष बहुधा गोंदाचा नसतोच. कापडामागचा फोम कुजून त्याची भुकटी झालेली असते, आणि भुकटीवर कोणताही गोंद लावला तरी तो भुकटीलाच चिकटतो. कपाट टांगायला मात्र हा गोंद वापरणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

उरलेल्यांची वासलात थोडक्यात लागते. पांढरा फेव्हिकॉल कपाटाच्या आतल्या लाकडी सांध्यांसाठी, स्क्रूच्या जोडीने. पत्र्याला त्याचा उपयोग नाही, कारण त्यातले पाणी जायला जागा हवी. ओट्याजवळ पाण्याला टिकणारी जात घ्यावी. सिलिकॉन हे सील करण्यासाठी आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला खाते, आणि कोणतेही सिलिकॉन एकदा लागले की त्या जागी पुढे रंगही धरत नाही आणि दुसरा गोंदही. फेव्हिक्विकच्या जातीचे झटपट गोंद कडक आणि ठिसूळ असतात. तुटलेली क्लिप जोडण्यापुरते ठीक. फुगणाऱ्या फोमने पोकळ्या भरायचा मोह टाळावा, कारण पाणी बाहेर जायच्या मूळ वाटाच तो बुजवतो. इपॉक्सी जाड धातूला धातू जोडायला आणि बुजवायला चांगली. पण सामान्य तापमानाला वाळणाऱ्या बऱ्याच इपॉक्सी पन्नास-साठ अंशांपुढे ढिल्या पडू लागतात, म्हणजे छतावर ती थंडीत फार कडक आणि उन्हात फार मऊ. दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या जाड अॅक्रिलिक फोमच्या टेपा, उदाहरणार्थ थ्रीएमची १९८० पासूनची व्हीएचबी, यांबद्दल लोकांच्या मनात जरा जास्तच जादू आहे. कायम भारासाठी किलोमागे ५५ चौरस सेंटिमीटर टेप, असा त्यांचा ठोकताळा आहे. आपल्या २५ किलोच्या कपाटाला २५ मिलिमीटर रुंदीची साडेपाच मीटर टेप लागेल. एलईडीच्या हलक्या चॅनलला बोटभर पुरते. तीही लावल्या लावल्या पक्की होत नाही. पूर्ण पकड यायला तीन दिवस जातात.

एका ठिकाणी मात्र कोणत्याच गोंदाची चर्चा नको: सीट, सीट-बेल्ट, गॅसची टाकी आणि जड बॅटरी. अपघातात वस्तू आपल्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे जाऊ पाहते, आणि ४० किलोची बॅटरी आठशे किलोची होते. ही कामे गाडीच्या चौकटीतल्या बोल्टची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेतच, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानकही आहे. गोंदाची निवड मालकाने करावी, या चार गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडू नयेत.

'एकच ट्यूब, सगळ्या कामांना' ही जाहिरात एमएस पॉलिमरच्या बाबतीत बरीचशी खरी आहे, हे कबूल करायला हरकत नाही. पण तीही पृष्ठभागापाशी अडते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन यांवर जवळजवळ काहीच धरत नाही. पाण्याच्या टाक्या आणि मूळ गाडीचे बरेचसे प्लास्टिक यांचेच असते, त्यामुळे तिथे पट्टे आणि क्लिपाच हव्यात. फायबरच्या नव्या भागांवर साच्यातले मेण उरलेले असते. रंगलेल्या पत्र्यावर गोंद रंगाइतकाच पक्का, आणि जुन्या, पोपडे धरलेल्या रंगावर तो पोपड्याइतकाच. बारीक पॉलिशपेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी स्वच्छ फडक्याने, एकाच दिशेने पुसायचे आणि पूर्ण उडू द्यायचे. पेट्रोल आणि रॉकेल तेलकट थर मागे ठेवतात. पॉलियुरेथेन वापरताना एक जास्तीची काळजी अशी की ओल्या गोंदावर स्पिरिटचा बोळा फिरवू नये. आयसोसायनेट पाण्याऐवजी अल्कोहोलशीच संयोग पावते आणि कडेचा गोंद कायमचा चिकट राहतो.

एवढे करूनही आपल्या गाडीच्या आपल्या रंगावर आपला गोंद कसा वागेल, हे कोणतेही माहितीपत्रक सांगू शकत नाही. ते शोधायला एक दुर्लक्षित कोपरा आणि आठवडा पुरतो. चाकाच्या कमानीमागे, जिथे पुढे काही झाकले जाणार आहे, तिथे नेहमीची सफाई करून गोंदाची बोटभर रेघ ओढावी. आठ दिवसांनी तिचे एक टोक सुरीने उचलून पकडीत धरावे आणि मागे ओढावे. रेघ मधूनच फाटून पत्र्यावर गोंदाचा थर राहिला, तर पृष्ठभाग आणि सफाई दोन्ही बरोबर आहेत. ती सालीसारखी स्वच्छ निघाली तर प्रायमर हवा, किंवा घासणे कमी पडले. आणि तिच्यासोबत रंग आला, तर ट्यूब परत करण्यात अर्थ नाही. पट्ट्यांच्या जागचा रंग खरवडून नवे प्रायमर मारायला घ्यावे.